न्यायाधीशांचा एक प्रश्न आणि केन अँडरसन यांची कारकीर्द

टेक्सासची राजधानी ऑस्टिन. तिच्या उत्तरेला लागून विल्यमसन काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग आहे आणि काउंटीचं मुख्य ठिकाण जॉर्जटाउन. फेब्रुवारी 1987 मध्ये तिथल्या न्यायालयात एका खुनाच्या खटल्याची तयारी चालू होती. ज्युरी बसण्याआधीच्या सुनावणीत न्यायाधीश विल्यम लॉट यांनी सरकारी वकिलाला विचारलं की, आरोपीच्या बाजूला जाईल असं काही तुमच्याकडे आहे का? सरकारी वकील होते केन अँडरसन. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. न्यायालयाच्या लघुलेखकाने प्रश्न आणि उत्तर दोन्ही टिपून घेतलं.

त्या उत्तरापायी 26 वर्षांनी अँडरसन तुरुंगात गेले. मधल्या काळात ते त्याच काउंटीत न्यायाधीश झाले होते आणि जवळपास 12 वर्षं लोकांना शिक्षा सुनावत होते.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा मायकेल मॉर्टन या निरपराध कैद्याच्या बाजूने होते, आणि ते योग्यच आहे. इथे मात्र मी अँडरसन यांच्या कारकिर्दीचा धागा धरून चाललो आहे. आरोपीला वाचवू शकणारे कागद एका माणसाच्या कपाटात पडून होते. ते कुणाला दाखवायचे हे तोच ठरवत होता, आणि असं ठरवणाऱ्या माणसाला त्याच व्यवस्थेने बढती दिली. हे कसं घडलं, ते बारकाईने पाहायला हवं.

आधी पदाविषयी. डिस्ट्रिक्ट अटर्नी म्हणजे आपल्याकडचा सरकारी वकील असं म्हणून चालत नाही. आपल्याकडे त्याची नेमणूक सरकार करतं. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट अटर्नी निवडून येतो, तोही पक्षाच्या तिकिटावर, दर चार वर्षांनी. कुणावर खटला भरायचा, कोणतं कलम लावायचं, कुणाशी तडजोड करायची, हे सगळं त्याच्या हातात असतं. जिल्हा न्यायाधीशही तिथे निवडूनच येतात, आणि मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर राज्यपाल नेमणूक करतात. अँडरसन 1985 मध्ये राज्यपालांच्या नेमणुकीने डिस्ट्रिक्ट अटर्नी झाले आणि पुढे निवडून येत राहिले. 1995 मध्ये टेक्सासच्या स्टेट बारने, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या संघटनेने, त्यांना वर्षातला उत्कृष्ट सरकारी वकील म्हणून गौरवलं. 2002 मध्ये राज्यपाल रिक पेरी यांनी त्यांना 277 व्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश नेमलं. गुन्हेगाराला दयामाया नाही, ही विल्यमसन काउंटीची ख्याती होती. ती तयार करण्यात अँडरसन यांचा मोठा वाटा होता.

आता तो खून. 12 ऑगस्ट 1986 हा मायकेल मॉर्टनचा 32 वा वाढदिवस. तो सेफवे या किराणा दुकानांच्या साखळीत नोकरीला होता. त्या संध्याकाळी तो, बायको क्रिस्टीन आणि तीन वर्षांचा मुलगा बाहेर जेवायला गेले. घरी आल्यावर क्रिस्टीनला लवकर झोप लागली, मायकेल थोडा हिरमुसला. सकाळी कामाला निघताना त्याने तिच्यासाठी बाथरूमच्या आरशाजवळ चिठ्ठी ठेवली. तिच्यात नाराजी होती आणि शेवटी प्रेमाचे शब्द होते. पहाटे साडेपाचच्या सुमारास तो घराबाहेर पडला. त्या दिवशी क्रिस्टीन आपल्या पलंगावर मृतावस्थेत सापडली. डोक्यावर जबर घाव घातलेले होते.

पोलिसांचा संशय पहिल्या दिवसापासून नवऱ्यावर होता. काउंटीचे शेरीफ, म्हणजे तिथले पोलिसप्रमुख, जिम बाउटवेल हे साधं नाव नव्हतं. हेन्री ली लुकास नावाच्या माणसाने शेकडो खुनांची कबुली दिली, त्या तपासपथकाचे ते एक प्रमुख होते. त्यातल्या बहुसंख्य कबुल्यांवर विश्वास ठेवता येत नाही, असा टेक्सासच्या अटर्नी जनरलचा अहवाल क्रिस्टीनच्या खुनाच्या चारच महिने आधी आला होता. एकदा मनात धरलेली दिशा या कार्यालयात सहसा बदलत नसे, एवढं त्यावरून समजतं.

मायकेलवर आधीचा एकही गुन्हा नव्हता. मारण्याचं हत्यार सापडलं नाही, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उभा केला गेला नाही. फिर्यादी पक्षाकडे आरशाजवळची ती चिठ्ठी होती, आणि पोटातल्या अन्नावरून काढलेला मृत्यूच्या वेळेचा अंदाज होता. तो अंदाज मान्य केला तर खून नवरा घरी असतानाच झाला असं ठरत होतं. त्यावर अँडरसन यांनी कथा रचली: शरीरसंबंधाला नकार मिळाला म्हणून चिडून नवऱ्याने बायकोला ठार मारलं. ज्युरीसमोर भाषण करताना तो वार कसे घालत असेल हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. 17 फेब्रुवारी 1987 रोजी ज्युरीने मायकेलला दोषी ठरवलं आणि जन्मठेप दिली.

शेरीफच्या दप्तरात त्या वेळी काय होतं, ते आता पाहू.

क्रिस्टीनच्या आईने खुनानंतर दोन आठवड्यांच्या आत तपास अधिकारी डॉन वुड यांना फोन केला होता. नातू तिच्याजवळ त्या सकाळबद्दल बोलला होता. मोठ्या मिशांचा एक राक्षस आला, त्याने आईला मारलं, आणि बाबा तेव्हा घरी नव्हते, असं तो म्हणाला. आजीने हे शब्द लिहून घेतले होते आणि ते तिने वुडना वाचून दाखवले. नवऱ्याचा नाद सोडा आणि त्या राक्षसाला शोधा, असंही तिने सांगितलं. ही मयत मुलीची आई आहे, जावयाला वाचवण्यात तिचा काही स्वार्थ नाही. फोन रेकॉर्ड झाला होता आणि त्याची शब्दशः टाइप केलेली प्रत फायलीत होती. दुसरा कागद शेजाऱ्यांच्या जबानीचा. खुनाच्या आधीच्या दिवसांत घराच्या मागच्या रस्त्यावर एक हिरवी व्हॅन उभी राहत असे, तिच्यातून एक माणूस उतरून झाडीत जाताना त्यांनी पाहिला होता. तिसरा कागद म्हणजे एक निरोप. क्रिस्टीनचं क्रेडिट कार्ड सॅन अँटोनियोतल्या एका दागिन्यांच्या दुकानात मिळालं असावं, असं त्यात होतं.

यातलं काहीही बचाव पक्षाला मिळालं नाही. असं का, हे समजायला त्या काळचा टेक्सासचा नियम समजून घ्यावा लागतो. पोलिसांचा अहवाल मागण्याचा सरसकट हक्क आरोपीच्या वकिलाला नव्हता. एखादा अधिकारी साक्षीला उभा राहिला तरच त्याचे आधीचे अहवाल उलटतपासणीसाठी मिळत. खुनाच्या खटल्यात मुख्य तपास अधिकारी साक्षीला येत नाही असं सहसा होत नाही. या खटल्यात मात्र अँडरसन यांनी वुडना बोलावलंच नाही. मायकेलचे वकील बिल अ‍ॅलिसन आणि बिल व्हाइट यांच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. त्यांनी न्यायाधीशांकडे तक्रार केली. लॉट यांनी वुड यांचे सगळे अहवाल आपल्याकडे द्यायला सांगितलं, म्हणजे त्यात आरोपीच्या उपयोगाचं काही आहे का ते स्वतःच पाहतील. अँडरसन यांनी कागद दिले. लॉट यांनी ते वाचले, त्यांना काही आढळलं नाही, आणि तो गठ्ठा सीलबंद करून अपिलाच्या दप्तरात गेला.

हा गठ्ठा 2011 च्या ऑगस्टमध्ये उघडण्यात आला. आत मोजकीच पानं होती. आजीच्या फोनची प्रत नव्हती आणि हिरवी व्हॅनही नव्हती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा नियम तेव्हाही स्पष्ट होता. ब्रॅडी विरुद्ध मेरीलँड या 1963 च्या निकालाने सांगितलं होतं की, आरोपीला अनुकूल आणि निकालावर परिणाम करू शकेल असा पुरावा सरकारी पक्षाने त्याला द्यायलाच हवा. अनुकूल काय, हे मात्र सरकारी वकीलच ठरवतो, आणि ते ठरवताना त्याच्या डोक्यात आरोपी दोषी असल्याची खात्री पक्की असते. त्यामुळे आरोपीला देण्यासारखं काही त्याच्या नजरेला पडतच नाही. अ‍ॅलिसन यांनी पुढे शपथेवर सांगितलं की, निकालानंतर फिर्यादी पक्षाचा दुसरा वकील ज्युरीतल्या लोकांशी बोलत होता. वुड यांचे अहवाल बचाव पक्षाला मिळाले असते तर शंकेला आणखी जागा मिळाली असती, असं तो म्हणाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. असं काही बोलल्याचं त्या वकिलाला आठवत नव्हतं.

मायकेल तुरुंगात गेला आणि मुलगा मावशीकडे वाढला. मोठा होत गेला तशा भेटी थांबल्या, आणि 18 वर्षांचा झाल्यावर त्याने आडनावही बदललं. ज्या पोराने बाबा घरी नव्हते असं सर्वांत आधी सांगितलं होतं, त्यालाच मोठेपणी वडील खुनी वाटू लागले. या प्रकरणातलं मला सर्वांत असह्य वाटतं ते हेच.

जॉर्जटाउनला या काळात अँडरसन यांची चढती कमान होती. त्यांच्या हाताखाली काम केलेले जॉन ब्रॅडली त्यांच्या जागी डिस्ट्रिक्ट अटर्नी झाले. 2005 मध्ये न्यूयॉर्कचं इनोसन्स प्रोजेक्ट (चुकीने शिक्षा झालेल्यांसाठी लढणारी संस्था) आणि ह्यूस्टनचे वकील जॉन रेली यांनी डीएनए चाचणीची मागणी केली. रेली मूळचे दिवाणी वकील, आणि या कामाची त्यांनी फी घेतली नाही. मागणीत मुख्य वस्तू होती एक रुमाल. तो पोलिसांना नव्हे, क्रिस्टीनच्या भावाला सापडला होता, खुनाच्या दुसऱ्या दिवशी, घरामागे सुमारे 100 यार्डांवर चाललेल्या बांधकामाच्या जागेजवळ. त्याने तो पोलिसांकडे दिला आणि तो तिथेच पडून राहिला. ब्रॅडली यांनी चाचणीला विरोध केला आणि तो विरोध सहा वर्षं चालवला. आजीच्या फोनची प्रतसुद्धा इनोसन्स प्रोजेक्टला शेवटी मिळाली ती सरकारी कागदपत्रं मागण्याच्या कायद्याने. जे न्यायालयात मागून मिळालं नाही, ते अर्ज करून मिळालं.

मध्ये पॅरोलची संधी आली होती. पश्चात्ताप दाखवला असता तर मायकेलचा बाहेरचा रस्ता सोपा झाला असता. जे केलं नाही त्याचा पश्चात्ताप दाखवायला त्याने नकार दिला.

जानेवारी 2010 मध्ये अपील न्यायालयाने रुमालाच्या चाचणीला परवानगी दिली. जून 2011 मध्ये निकाल आला: रुमालावर क्रिस्टीनचं रक्त आणि केस होते, आणि त्याच्यासोबत एका परक्या पुरुषाचा डीएनए होता. गुन्हेगारांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर तो मार्क अ‍ॅलन नॉरवुड नावाच्या माणसाचा निघाला. आणि तिथून आणखी एक मृत्यू उजेडात आला. 13 जानेवारी 1988 रोजी ऑस्टिनमध्ये डेब्रा बेकर या बाईचा तिच्या घरात, पलंगावर, तशाच पद्धतीने खून झाला होता. तिथे मिळालेला केस नॉरवुडशी जुळला. तारखा शेजारी ठेवून पाहा. मायकेलला शिक्षा झाली त्याला तेव्हा 11 महिने होत आले होते. हिरवी व्हॅन शोधली गेली असती तर डेब्रा बेकर वाचली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही, पण शोध घेतला गेला नाही, एवढं नक्की. नॉरवुडला क्रिस्टीनच्या खुनाबद्दल 2013 मध्ये आणि डेब्राच्या खुनाबद्दल 2016 मध्ये दोषी ठरवलं गेलं.

मायकेल 4 ऑक्टोबर 2011 रोजी सुटला. आत गेल्याला 24 वर्षं आणि साडेसात महिने झाले होते. डिसेंबरमध्ये तो अधिकृतपणे निर्दोष ठरला.

नोव्हेंबर 2011 मध्ये अँडरसन यांनी न्यायालयाबाहेर पत्रकारांसमोर माफी मागितली, पण व्यवस्थेच्या चुकीबद्दल. स्वतः काही चूक केली असं त्यांनी म्हटलं नाही. ते अजून न्यायाधीश होते. त्यांच्याविरुद्ध करायचं काय, हा खरा प्रश्न होता. भरपाईचा दावा लावता येत नव्हता: इंबलर विरुद्ध पॅक्टमन या 1976 च्या निकालाने खटला चालवताना केलेल्या कृत्यांबद्दल सरकारी वकिलाला दिवाणी दाव्यापासून पूर्ण संरक्षण दिलं आहे. कार्यालयाला धरायचं म्हटलं तर 2011 च्याच मार्चमध्ये कॉनिक विरुद्ध थॉम्पसन या निकालात न्यू ऑर्लिन्सच्या माणसाची 1 कोटी 40 लाख डॉलरची भरपाई पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाली होती. त्याने 18 वर्षं तुरुंगात काढली होती, त्यातली 14 मृत्युदंडाच्या छायेत. इंबलर निकाल म्हणतो की, फौजदारी कायदा आणि वकिलांची शिस्त हे मार्ग उघडे आहेत. पण फौजदारी कायद्याला मुदत असते, आणि वकिलाविरुद्धच्या तक्रारीची टेक्सासमधली मुदत चार वर्षांची. दडवलेला कागद दडलेलाच राहतो तोवर मुदत सरून जाते.

टेक्सासमध्ये 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' नावाची एक जुनी तरतूद आहे, अपवादानेच वापरली जाणारी. इनोसन्स प्रोजेक्टने ती मागितली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश वॉलेस जेफरसन यांनी फोर्ट वर्थचे न्यायाधीश लुई स्टर्न्स यांना नेमलं. ह्यूस्टनचे रस्टी हार्डिन विशेष सरकारी वकील होते. फेब्रुवारी 2013 मध्ये जॉर्जटाउनमध्ये आठवडाभर सुनावणी झाली. जिथे अँडरसन यांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथेच ते साक्षीदाराच्या जागी बसले. बऱ्याच गोष्टी आपल्याला आठवत नाहीत, असं ते सांगत राहिले आणि आरोप खोटे असल्याचं म्हणाले. मायकेल मॉर्टनने साक्षीत न्यायाधीशांना सांगितलं की, जे करायला हवं ते करा, पण अँडरसन यांच्याशी नरमाईने वागा. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, तरी त्याच्यापुढे बोलायला मला शब्द सुचत नाहीत.

19 एप्रिल 2013 रोजी स्टर्न्स यांनी तीन बाबींवर अँडरसन यांच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा असल्याचा निर्णय दिला: न्यायालयाचा फौजदारी अवमान, पुराव्यात हस्तक्षेप आणि सरकारी दप्तरात हस्तक्षेप. अटकेचा आदेश निघाला, 7,500 डॉलरच्या जामिनावर ते सुटले. सप्टेंबरमध्ये त्यांनी न्यायाधीशपदाचा राजीनामा दिला. 8 नोव्हेंबर 2013 रोजी तडजोड झाली: अवमानासाठी 10 दिवस तुरुंग, 500 डॉलर दंड, 500 तास समाजसेवा आणि वकिलीची सनद सोडून देणं. बाकीचे आरोप मागे घेतले गेले. सवलती धरून ते निम्म्याच मुदतीत बाहेर आले.

10 दिवस आणि 24 वर्षं, हे दोन आकडे शेजारी ठेवून संताप व्यक्त करणं सोपं आहे आणि तो संताप रास्त आहे. माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. शिक्षा कशाची झाली? निरपराध माणसाला गजाआड टाकल्याची नाही. शिक्षा झाली ती न्यायाधीशांशी खोटं बोलल्याची, सुरुवातीला सांगितलेल्या त्या एका उत्तराची. लॉट यांनी 1987 मध्ये तो प्रश्न विचारलाच नसता, किंवा लघुलेखकाने उत्तर टिपलं नसतं, तर तेच कागद तसेच दडवूनही अवमानाचा आरोप उभा राहिला नसता. माझ्या मते त्या खटल्यात लॉट यांच्याकडून झालेलं सर्वांत उपयोगाचं काम तो प्रश्न विचारणं हेच होतं, जरी त्या दिवशी त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही.

नॉर्थ कॅरोलायनातही असंच घडलं होतं. ड्यूक विद्यापीठाच्या खेळाडूंवर बलात्काराचा खोटा खटला चालवणारे डिस्ट्रिक्ट अटर्नी माइक नायफाँग यांनी डीएनएचे अनुकूल निष्कर्ष दडवले. त्यांची सनद गेली, आणि 2007 मध्ये एक दिवसाचा तुरुंगवास झाला तो न्यायाधीशाला खोटं सांगितल्याबद्दल, अवमान म्हणून.

टेक्सासच्या मतदारांनी आणि विधिमंडळाने पुढे जे केलं ते मोलाचं आहे. ब्रॅडली मे 2012 मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. 16 मे 2013 रोजी 'मायकेल मॉर्टन कायद्या'वर सही झाली. ती करणारे राज्यपाल रिक पेरीच होते, ज्यांनी अँडरसन यांना न्यायाधीश नेमलं होतं. त्याच अधिवेशनात आणखी एक बदल झाला, त्याचा बोलबाला कमी झाला. चुकीने तुरुंगात गेलेल्या माणसाच्या प्रकरणात सरकारी वकिलाविरुद्धच्या तक्रारीची चार वर्षांची मुदत आता तो माणूस सुटल्या दिवसापासून मोजायची. याचा परिणाम लगेच दिसला. 18 वर्षं कैदेत, त्यातली 12 मृत्युदंडाच्या छायेत काढून 2010 मध्ये सुटलेल्या अँथनी ग्रेव्हज यांनी जानेवारी 2014 मध्ये तक्रार केली आणि 2015 मध्ये त्यांच्यावर खटला चालवणारे चार्ल्स सेबेस्टा यांची सनद काढून घेण्यात आली. जुन्या नियमात ती तक्रार दारातच अडली असती.

अमेरिकेत न्यायाधीशपदाची वाट फार वेळा सरकारी वकिलीतून जाते. या प्रकरणात त्या वाटेला एक वेगळी वाटही फुटली. मायकेल मॉर्टनची बाजू लढणाऱ्या इनोसन्स प्रोजेक्टच्या वकील नीना मॉरिसन 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व जिल्ह्याच्या फेडरल न्यायाधीश झाल्या.

मॉर्टन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे. बचाव पक्षाने मागितलं की पोलिसांचे अहवाल आणि साक्षीदारांच्या जबान्या द्याव्या लागतात. तपास अधिकारी साक्षीला येवो न येवो, त्याने फरक पडत नाही. आरोपीच्या बाजूचं काही खटला संपल्यानंतर हाती लागलं तरी ते कळवणं बंधनकारक आहे. आणि ज्युरी बसण्यापूर्वी किंवा आरोपी गुन्हा कबूल करण्यापूर्वी, कोणकोणते कागद दिले आणि कोणते मिळाले याची यादी दोन्ही बाजूंनी लेखी किंवा भर न्यायालयात मान्य करावी लागते, प्रत्येक खटल्यात, न्यायाधीशाने विचारलं असो वा नसो.